झील धरणारे आवाज

पोवाड्यात शाहिरामागे उभे राहून झील धरणाऱ्यांची नावे सहसा कोणी विचारीत नाही. त्यांनी सूर सोडला तर मात्र पोवाडा जागच्या जागी बसतो. अमेरिकेत १९५७ ते १९६७ या सुमारे दहा वर्षांत शाळकरी वयाच्या नीग्रो मुलींच्या, किंवा आज ज्यांना कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणतात त्या मुलींच्या, तिघी-चौघींच्या गायनवृंदांनी जी गाणी म्हटली, त्यांची गोष्ट काहीशी अशीच आहे. एक मुलगी पुढे, बाकीच्या मागे. या गाण्यांना तिकडे ‘सोल’ संगीताच्या सदरात घालतात, आणि त्या वृंदांना ‘गर्ल ग्रूप’ म्हणतात. मूळ गाणी अडीच-तीन मिनिटांची व पंचेचाळीस फेऱ्यांच्या लहान तबकड्यांवर निघालेली. त्या तबकड्या आता दुर्मिळ झाल्या. आजचा श्रोता ही गाणी ऐकतो ती बहुधा संकलनांतून. आणि संकलन कोणते हाती लागले यावर मागच्या मुली त्याच्या कानापर्यंत पोचतात की नाही हे पुष्कळसे अवलंबून असते.

या परंपरेचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद असतील, तथापि न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातल्या ‘शांतेल्स’ या वृंदापासून तो धरणे वावगे होणार नाही. या मुली सेंट अँथनी ऑफ पाडुआ या कॅथलिक शाळेच्या गायनमंडळात लॅटिन प्रार्थनागीते म्हणत वाढल्या. १९५७ च्या अखेरीस निघालेल्या त्यांच्या ‘मेबी’ या गाण्यात मुख्य गायिका आर्लीन स्मिथ जेव्हा स्वर उंच नेते, तेव्हा तिच्या मागचा स्वरमेळ हा प्रणयगीताचा कमी आणि प्रार्थनामंदिराचा अधिक वाटतो. त्यानंतर न्यू जर्सीतील पसेइक गावच्या ‘शिरेल्स’ आल्या. जेरी गॉफिन व कॅरल किंग या तरुण जोडप्याने रचलेले त्यांचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गाणे १९६१ च्या जानेवारीत बिलबोर्ड नियतकालिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढले. कृष्णवर्णीय मुलींच्या वृंदाला तो मान तेथे प्रथमच मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डेट्रॉइटजवळच्या इंकस्टर गावातील शाळेच्या मुलींनी, म्हणजे ‘मार्व्हलेट्स’नी, ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ या गाण्याने तेच स्थान मिळविले. मोटाउन या कंपनीचे ते पहिले अव्वल गाणे. मुख्य गायिका ग्लॅडिस हॉर्टन त्या वेळी अवघी सोळा वर्षांची होती. आणि हे गाणे ज्या मुलीने एका ओळखीच्या माणसाकडून आणून नव्याने बांधले, ती जॉर्जिया डॉबिन्स ध्वनिमुद्रणापूर्वीच घरच्या विरोधामुळे वृंदातून बाहेर पडली होती. गाण्याच्या रचनाकारांत तिचे नाव राहिले, तबकडीवर तिचा आवाज नाही.

मोटाउनविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ध्वनीच्या गुणवत्तेचा प्रश्न तेथेच सर्वांत अधिक गुंतागुंतीचा होतो. बेरी गॉर्डी या गृहस्थाने १९५९ साली कुटुंबाच्या बचतनिधीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन हा व्यवसाय मांडला. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील २६४८ क्रमांकाचे घर घेऊन त्याने त्यात ध्वनिमुद्रणाची खोली केली. प्रतिध्वनीसाठी पोटमाळ्याचा उपयोग केला. वादक तेच ते, म्हणजे पुढे ‘फंक ब्रदर्स’ या नावाने प्रसिद्ध झालेले. आणि त्यांतील जेम्स जेमर्सन या खर्जाची गिटार वाजविणाऱ्याची बोटे ज्याने एकदा लक्ष देऊन ऐकली त्याला ती पुन्हा ओळखण्यास सांगावे लागत नाही. प्रारंभी ध्वनिफितीवर तीनच पट्ट्या असत. वाद्ये एकीकडे, गळे एकीकडे, उरलेले तिसरीकडे. १९६४-६५ च्या सुमारास आठ पट्ट्यांचे यंत्र आले. या सर्व पट्ट्या शेवटी एकत्र कालवून जी एक फीत तयार होई तिला मिश्रण म्हणावयाचे, आणि गाण्याचे बरेवाईट येथेच ठरे.

आता हे मिश्रण कोणासाठी करावयाचे? तरुण पिढी गाणी ऐकत असे ती मोटारीतल्या रेडिओवर, उपाहारगृहातील नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रावर, आणि स्वयंपाकघरातील लहानशा ग्रामोफोनवर. या सर्वांना ध्वनिक्षेपक एकच. म्हणून लहान तबकडीचे मिश्रण मोनो, म्हणजे एकाच दिशेने येणारे असे. मोटाउनमध्ये नवे गाणे मोटारीतल्या रेडिओएवढ्या बारक्या ध्वनिक्षेपकावर वाजवून पाहत असत, असे सांगितले जाते. आणि गाणी ऐकता ते खोटे वाटत नाही. ढोल, टाळी आणि खर्ज ही तिन्ही अशी एकमेकांत दाबून बसविलेली असत की गाणे रेडिओतून बाहेर उडी घेई. सगळी काळजी, सगळे भांडण, सगळी पुनःपुन्हा केलेली दुरुस्ती या मोनो मिश्रणावर होई. स्टीरिओ मिश्रण पुढे मोठ्या, दीर्घवादन तबकडीसाठी केव्हातरी करीत. त्यात कधी सारी वाद्ये डाव्या कानाला आणि सारे गळे उजव्या कानाला, अशी विभागणी होई. कधी गाणे चार-सहा सेकंद लांबे किंवा आखूड होई. क्वचित मुख्य गायिकेचा आवाजही निराळ्या वेळी म्हटलेला घेतला जाई. याचा अर्थ असा, की एकाच नावाची, एकाच वृंदाची, एकाच वर्षाची दोन गाणी अस्तित्वात आली, आणि पुढील पन्नास वर्षे संकलनकर्ते कधी हे, कधी ते उचलीत राहिले. बहुतेक वेळा वेष्टनावर त्याचा उल्लेखही नसे.

‘सुप्रीम्स’चे उदाहरण घेऊ. डेट्रॉइटच्या सरकारी चाळींत वाढलेल्या फ्लॉरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन आणि डायना रॉस या तिघींचा हा वृंद. १९६४ च्या ऑगस्टमध्ये ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ या गाण्याने त्यांना पहिले अव्वल स्थान मिळाले. गंमत अशी की हे गाणे आधी मार्व्हलेट्सना देऊ केले होते आणि त्यांनी ते नाकारले होते! गाण्याच्या आरंभी जो ठेका ऐकू येतो तो टाळ्यांचा नव्हे. लाकडी फळ्यांवर पाय आपटून तो काढलेला आहे. चांगल्या मोनो मुद्रणात फळीचा तो पोकळ, कोरडा आवाज स्पष्ट कळतो. निकृष्ट संकलनात तो केवळ एक थपथप होऊन राहतो, आणि मग गाण्याच्या पहिल्या दोन क्षणांतच जी उत्सुकता निर्माण व्हावयाची ती होत नाही. तीच गोष्ट ‘मार्था अँड द व्हॅंडेलास’ यांच्या १९६५ सालच्या ‘नोव्हेअर टू रन’ची. तेथे बर्फात घसरू नये म्हणून मोटारीच्या चाकांना बांधण्याच्या साखळ्या तालासाठी खळखळविल्या आहेत. साखळी ही साखळीसारखी वाजली पाहिजे. ती वाळूसारखी वाजू लागली की समजावे, फीत मूळची नव्हे, नकलेची नक्कल आहे. किंवा कोणीतरी खरखर काढण्याच्या उत्साहात वरचे स्वरही कापून टाकले आहेत.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम्सच्या वीस गाण्यांचे दोन तबकड्यांचे संकलन निघाले आणि तेही बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. संकलन म्हणून ते उत्तम आहे, क्रम चांगला, गाण्यांची निवड निर्दोष. परंतु वेष्टनावर नाव छापले ते ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ असे. आतली गाणी बनली तेव्हा वृंदाचे नाव नुसते ‘सुप्रीम्स’ होते. तिघींपैकी जिने हा वृंद मुळात जमविला ती फ्लॉरेन्स बॅलर्ड त्याच उन्हाळ्यात वृंदाबाहेर गेली, तिच्या जागी सिंडी बर्डसाँग आली, आणि संकलनाने जुन्या गाण्यांनाही नवे नाव चिकटविले. बॅलर्ड १९७६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारली. १९७४ साली आलेले तीन तबकड्यांचे ‘अँथॉलॉजी’ अधिक विस्तृत आहे आणि वृंदाचा पुढील काळही त्यात येतो. नवख्या श्रोत्याला मात्र १९६७ चेच अधिक मानवेल, कारण त्यात भरताड नाही.

स्वस्त संकलनांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. त्यांचे दोन दोष ओळखून ठेवले म्हणजे पुरे. पहिला दोष कृत्रिम स्टीरिओचा. मूळ मोनो फीत घेऊन खर्ज एका बाजूस व तार स्वर दुसऱ्या बाजूस लोटावयाचे, किंचित प्रतिध्वनी मिसळावयाचा, आणि वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘स्टीरिओ’ छापावयाचे. साठीत आणि सत्तरीत हे सर्रास चाले. त्यातून आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. दुसरा दोष अधिक फसवा आहे. मूळ गायिकांनी, किंवा त्यांच्यापैकी एखादीने, पुढे वीस वर्षांनी दुसऱ्याच कंपनीसाठी तीच गाणी पुन्हा म्हटलेली असतात व तीच संकलनात घातलेली असतात. वेष्टनावर छायाचित्र मात्र तरुणपणाचे असते. गायिकांनाही पोट असते, त्यांना दोष देता येत नाही. परंतु विकत घेणाऱ्याने तळाची बारीक अक्षरे वाचावीत.

१९८० नंतर कॉम्पॅक्ट डिस्क आली, आणि आता सर्व काही स्वच्छ ऐकू येईल अशी लोकांची समजूत झाली. ती फोल ठरली. १९८६ च्या सुमारास मोटाउनने जुना साठा घाईघाईने डिस्कवर आणला. जी फीत हाताशी सापडली ती घेतली, बहुधा दीर्घवादन तबकडीचे स्टीरिओ मिश्रण. ज्यांनी तरुणपणी रेडिओवर ‘हीट वेव्ह’ ऐकले होते त्यांना डिस्कवरील गाणे ओळखीचे असूनही परके वाटले. गळे स्वच्छ होते, पण अंगात बळ नव्हते. ज्या मराठी घरांतून बालगंधर्वांची गाणी आधी जुन्या तबकड्यांवर आणि मग दीर्घवादन तबकड्यांवर ऐकली गेली, त्या घरांतील वडीलधाऱ्यांची तक्रार अशा वेळी चटकन समजते: खरखर गेली हे खरे, पण तिच्याबरोबर आणखी काय गेले?

सुधारणा झाली ती १९९२-९३ मध्ये. मार्व्हलेट्सचे ‘डिलिव्हर’ आणि मार्था रीव्हजच्या वृंदाचे ‘लाइव्ह वायर’ ही दोन-दोन डिस्कची संकलने १९९३ साली निघाली. दोहोंचीही रचना लहान तबकड्यांच्या कालक्रमाने आहे, आणि हा कालक्रम मार्व्हलेट्सच्या बाबतीत फारच उपकारक ठरतो. प्रारंभी ग्लॅडिस हॉर्टनचा थोडासा घोगरा, अंगणात हाक मारावी तसा आवाज; आणि १९६५-६६ पासून ‘डोन्ट मेस विथ बिल’ यासारख्या गाण्यांतून वँडा यंगचा मऊ, कानाशी येऊन बोलणारा आवाज. पाच वर्षांत एक वृंद शाळेच्या पटांगणातून दिवाणखान्यात कसा आला, हे एका बैठकीत ऐकता येते. केवळ यशस्वी गाणी निवडणाऱ्या एका डिस्कच्या संकलनात हे कळत नाही. या वृंदाविषयी मत द्यावयाचे तर असे देता येईल की सुप्रीम्सइतकी कीर्ती त्यांना मिळाली नाही, परंतु दोन निराळ्या ढंगांच्या दोन मुख्य गायिका एकाच वृंदात असणे ही संपत्ती सुप्रीम्सजवळही नव्हती.

मोटाउनहून अगदी निराळा प्रकार लॉस एंजेलिसमध्ये चालला होता. तेथे फिल स्पेक्टर हा निर्माता गोल्ड स्टार नावाच्या ध्वनिमुद्रणगृहात एकाच वेळी तीन-तीन पियानो, अनेक गिटार, ढोल, टाळ्या असा जमाव कोंबून त्यावर प्रतिध्वनीच्या खोलीचा थर चढवीत असे. ‘रोनेट्स’चे १९६३ चे ‘बी माय बेबी’ हा त्या पद्धतीचा कळस होय. या गाण्यांचे तुकडे करून डावे-उजवे करण्यात अर्थ नसतो. ती एकजीवच असावयाची. १९९१ साली त्याच्या गाण्यांचा चार डिस्कचा संच निघाला त्याचे नावच मुळी ‘बॅक टू मोनो’. ध्वनीच्या दृष्टीने तो संच विश्वसनीय आहे. ज्याला मोटाउनमधील प्रत्येक वाद्य निराळे ओळखण्याची सवय आहे त्याला आरंभी हा सर्व गोंगाट वाटेल. संचावरील नावांकडे मात्र जरा सावधपणे पाहावे लागते. १९६२ साली अव्वल ठरलेले ‘हीज अ रेबेल’ हे गाणे ‘क्रिस्टल्स’च्या नावावर आहे, पण क्रिस्टल्स त्या वेळी न्यूयॉर्कला होत्या आणि स्पेक्टरला घाई होती. गाणे म्हटले ते डार्लीन लव्ह व तिच्या ‘ब्लॉसम्स’ या वृंदाने, ठराविक मेहनताना घेऊन. ज्यांच्या नावावर गाणे गाजले त्यांना ते रंगमंचावर पुढे म्हणावे लागले, आणि जिचा आवाज देशभर गाजला तिला कोणी ओळखले नाही.

पैशाची कथा याहून कठीण आहे. रोनेट्सच्या तिघींना, म्हणजे व्हेरॉनिका व एस्टेल बेनेट या बहिणी आणि त्यांची मावसबहीण नेड्रा टॅली यांना, १९६३ च्या करारापोटी सर्वांत मिळून सुमारे १५,००० डॉलरची आगाऊ रक्कम मिळाली होती. १९८७ साली ‘डर्टी डान्सिंग’ या चित्रपटात ‘बी माय बेबी’ वाजले आणि गाणे नव्याने विकले जाऊ लागले. पुढील वर्षी तिघी न्यायालयात गेल्या. २००० साली खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने सव्वीस लाख डॉलरच्या वर निकाल दिला. २००२ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला: ध्वनिमुद्रणाची मालकी करारानुसार निर्मात्याची, तेव्हा चित्रपट-जाहिरातींतील वापराच्या उत्पन्नावर गायिकांचा हक्क नाही; तबकड्यांच्या विक्रीवरील हिस्सा मात्र करारातील दराने मोजून द्यावा. खटला चौदा वर्षे चालला होता. शिरेल्सच्या मुलींचीही तक्रार होती की सज्ञान झाल्यावर मिळावयाचा त्यांचा ठेवलेला पैसा प्रत्यक्षात ठेवलेलाच नव्हता. ते प्रकरणही न्यायालयात जाऊन १९६५ साली दोन्ही बाजूंनी मिटविले. नावाचाही प्रश्न पुढे आलाच. मार्व्हलेट्स हे नाव ग्लॅडिस हॉर्टनच्या मालकीचे नव्हते, आणि तिच्याशी संबंध नसलेले वृंद त्या नावाने गावोगाव कार्यक्रम करीत राहिले. अशा तोतया वृंदांना आळा घालणारे कायदे अमेरिकेतील अनेक राज्यांनी पुढे केले, त्यासाठी मेरी विल्सनने वर्षानुवर्षे खटपट केली.

श्रोतेहो, येथे पुन्हा झील धरणाऱ्यांकडे वळले पाहिजे. मोटाउनमध्ये ‘अँडांटीज’ नावाच्या तिघी होत्या: जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लूव्हेन डेम्प्स. त्यांचे स्वतःचे असे नाव कधी झाले नाही, पण कंपनीच्या असंख्य गाण्यांमागे त्यांचा स्वरमेळ आहे. पुढील काळातील मार्व्हलेट्सच्या तबकड्यांवर त्या आहेत. सुप्रीम्सचे १९६८ चे अव्वल गाणे ‘लव्ह चाइल्ड’ ऐकावे. पुढे डायना रॉस, आणि मागे मेरी विल्सन नव्हे की सिंडी बर्डसाँग नव्हे, मागे अँडांटीज आहेत. साध्या रेडिओवर हा फरक कळण्याचे कारण नव्हते. चांगल्या संकलनावर कळतो: सुप्रीम्सच्या पहिल्या गाण्यांत मागचे दोन गळे कोवळे, किंचित खडबडीत, एकमेकींपासून निराळे ओळखू येतात, नंतरच्या गाण्यांत मागचा स्वर गुळगुळीत, सरावलेला, चर्चमधील गायनमंडळासारखा एकसंध होतो.

हे सर्व ज्याला मुळापासून ऐकावयाचे असेल त्याच्यासाठी २००५ ते २०१३ या काळात ‘द कम्प्लीट मोटाउन सिंगल्स’ ही चौदा संचांची माला निघाली. १९५९ पासून १९७२ पर्यंतची कंपनीची प्रत्येक लहान तबकडी, दोन्ही बाजू, मूळच्या मिश्रणासह. प्रत्येक संचात एक खरी पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी आणि प्रत्येक गाण्यावर टीप. तीत अपयशी गाणीही आहेत, काही तर अगदीच टाकाऊ आहेत. पण यशस्वी गाण्यांच्या शेजारी ती ऐकली म्हणजे यश किती थोडक्यात हुकत असे हे समजते. संच महाग, मर्यादित प्रतींचे, आणि आज बहुतेक संपलेले. त्याच २००५ साली ऱ्हिनो कंपनीने ‘वन किस कॅन लीड टू अनदर’ हा चार डिस्कचा संच टोपीच्या गोल पेटीत घालून काढला. त्यात १२० गाणी आहेत, बहुतेक विसरलेल्या वृंदांची. पेटीचे कौतुक थोडे जास्तच झाले, परंतु आतील निवड डोळस आहे.

कालामझूच्या महाविद्यालयातून आलेल्या ‘व्हेल्व्हेलेट्स’चे उदाहरण या संदर्भात सांगण्याजोगे आहे. १९६४ चे त्यांचे ‘नीडल इन अ हेस्टॅक’ उत्तम चालले, तरी साठीच्या दशकात मोटाउनने त्यांची एकही दीर्घवादन तबकडी काढली नाही. चाळीस वर्षांनी, २००४ साली, दोन डिस्कचे संकलन निघाले तेव्हा कपाटात पडून राहिलेली त्यांची गाणी बाहेर आली. त्यांच्यापुरते संकलन हेच मूळ पुस्तक.

आजकाल जो श्रोता इंटरनेटवरून गाणी ऐकतो त्याला एकाच गाण्याच्या पाच-सात प्रती एकाखाली एक दिसतात. त्यांपैकी जिच्यापुढे ‘मोनो’ किंवा ‘सिंगल व्हर्शन’ असे लिहिले असेल ती आधी घ्यावी. १९९५ नंतरच्या काही आवृत्त्यांत आवाज मुद्दाम चढवून सपाट केलेला असतो. तेथे झील आणि मुख्य स्वर एकाच उंचीवर येतात व पाच गाण्यांत कान शिणतो. अशी प्रत ऐकताना ध्वनी कमी करून पाहावा: मागच्या मुली आधी नाहीशा झाल्या तर प्रत बदलावी. कर्णध्वनिक्षेपकापेक्षा खोलीतला एखादा साधा ध्वनिक्षेपक या गाण्यांना अधिक मानवतो, आणि तो एकच असला तरी चालतो.